सव्वीस तारखेचा भूकंप

भूकंप झाला तेव्हा मी वडिलांना वर सोडून पळाले, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं वाचताना कुणी मला फार गुणाची समजायला नको.

ज्येष्ठातल्या रविवारची दुपार, चारचा सुमार. जयपूरला मानसरोवरात आमच्या पाच मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी आणि बाबा चहा पीत बसलो होतो. आधी खिडकीच्या काचा थरथरल्या, मग कूलर जागच्या जागी गुरगुरला, मग माझा चहा बशीत सांडला. त्यानंतरचं मला आठवतं ते थेट खाली, पार्किंगमधलं. माझ्या हातात बँकेचा लॅपटॉप होता, चार्जरसकट. चार्जर भिंतीतून उपसून वायर गुंडाळून घेण्याइतकं भान मला होतं. वडील मात्र राहिले होते.

खाली सगळी सोसायटी जमली होती. समोरच्या फ्लॅटमधल्या भाभी शिट्टी न झालेला कुकर कडेवर घेऊन उभ्या होत्या. पाचव्या मजल्यावरचा आयटीतला तरुण अंगाला साबण आणि कमरेला टॉवेल अशा अवस्थेत होता. आमचे सेक्रेटरी वीजखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी सोसायटीच्या सभांचं रजिस्टर छातीशी धरलं होतं. त्यांच्या मिसेस मात्र अजून जिन्यातच होत्या, तेव्हा मी एकटीच तशी नाही हे पाहून मला जरा बरं वाटलं.

"मैडम, अंकलजी कहाँ हैं?" भाभींनी विचारलं.

मी वर पाहिलं. बाबा बाल्कनीत उभे होते, हातात कप. त्यांनी फुंकर मारून एक घोट घेतला आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचावा असा आवाज काढून म्हणाले, "तीन-साडेतीनचा असंल. या आता वर. आणि तुझा चहा गार झाला."

मी त्याचं हिंदी करून लोकांना सांगितलं. कुणी तरी हसलं. दहा मिनिटांनी सगळ्यांच्या मोबाइलवर बातमी आली. भूकंप खरोखर रिश्टरवर तीन आणि साडेतीनच्या मधलाच होता. लोकांनी मोबाइल पाहिला, मग एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून आमच्या बाल्कनीकडे पाहिलं. बाबा तोवर आत जाऊन कप विसळत होते.

यात चमत्कार काही नव्हता. बाबा पाटण तालुक्यातले, कोयनेच्या खोऱ्यातले, प्राथमिक शाळेचे निवृत्त मास्तर. आमच्याकडे जमीन हलणं हे शेजारच्या घरातल्या भांडणासारखं आहे. ऐकू येतं, आज जरा जोरात आहे असं म्हणतात आणि जेवायला बसतात. मोठा भूकंप झाला तेव्हा बाबा दुसरीत होते. त्यानंतर त्यांनी इतके लहान धक्के पाहिले, की कितीचा होता हे ते मांडणीवरच्या भांड्यांवरून सांगत. दोनला पेले बोलतात, तीनला ताटं बोलतात, चारला माणसं, असं त्यांचं कोष्टक होतं. गावात हे कोष्टक येणारी निदान पन्नास माणसं निघतील, त्यामुळं त्यांना कुणी विचारत नसे.

जयपुरात ते एकटेच होते. आणि एकटे म्हणजे अगदी एकटे. आदल्या वर्षी आई गेली. मी एकुलती एक, बँकेच्या बदल्यांवर गावोगाव फिरणारी, घरात दुसरं कुणी नाही. दिवाळीत मी त्यांना इकडं घेऊन आले. मी सकाळी नऊला बाहेर पडायची ते संध्याकाळी साडेसातला उगवायची. मधले साडेदहा तास बाबा बाल्कनीत बसून मेट्रोच्या गाड्या मोजत. मी आले की चपला काढायच्या आत आकडा सांगत. कधी म्हणत, "आज एक कमी आली. काय झालं असंल?" भाजीवाल्याशी ते मराठीत घासाघीस करत आणि तो हिंदीत ऐकून घेई. सात महिन्यांत भाजीवाला सोडून दुसऱ्या कुणाशी त्यांचं बोलणं झालेलं माझ्या ऐकिवात नाही. मला हे दिसत नव्हतं असं नाही. मला वेळ नव्हता, आणि वेळ नाही म्हटलं की पुष्कळ गोष्टींकडे पाहावं लागत नाही.

भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर आकडा नाही. बाबाच नव्हते घरात. मी घाबरून खाली धावले, तर पंपाच्या खोलीजवळच्या बाकावर ते मधोमध बसलेले आणि भोवती सात-आठ निवृत्त माणसं. बाबा हिंदी बोलत होते. त्यांचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. "चार को आदमी बोलता है," असं ते सांगत होते आणि मंडळी माना डोलवत होती.

त्या दिवसापासून आमच्या दाराची बेल वाजू लागली. भाभी घेवराची मिठाई घेऊन आल्या आणि त्यांनी बाबांच्या पेल्यांचा फोटो काढला. बाबांनी जुन्या सवयीनं फ्रिजवर एका ताटलीत तीन पेले एकावर एक रचून ठेवले होते. गावाकडं मांडणी असते, इथं फ्रिज, एवढाच फरक. पण सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो 'भूकंप यंत्र' म्हणून गेला आणि आठवड्याभरात घरोघरी फ्रिजवर पेले चढले. काही घरांत चांदीचे होते, ते नुसतेच मिरवायला. सेक्रेटरींनी लिफ्टजवळ नोटीस लावली, की पेले स्टीलचे असावेत, तीनपेक्षा कमी नसावेत आणि त्यांत पाणी भरू नये. पाण्याचं कलम त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं.

मग एका सकाळी साडेसहाला चौथ्या मजल्यावरचे पेले वाजले. चौथ्यानं आरोळी दिली, तिसरा जागा झाला, दुसरा पळाला, आणि पाच मिनिटांत सगळी इमारत पार्किंगमध्ये. फक्त पाचव्या मजल्यावरचा तो आयटीवाला खाली आला नाही, कारण तो दोरीवरच्या उड्या मारत होता. घामाघूम होऊन त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि खाली काय चाललंय असं विचारलं. त्याला सोसायटीची लेखी समज मिळाली. समजपत्रात 'कृत्रिम भूकंप' असे शब्द होते. बिचारा नागपूरकडचा होता. माझ्याकडे येऊन मराठीत म्हणाला, "मॅडम, मी तर पाचशेच मारल्या होत्या जी." बाबांनी त्याची बाजू घेतली. उड्यांमुळे पेले एका लयीत वाजतात आणि भूकंपात बेतालपणे, हे त्यांनी बाकावर बोटांनी वाजवून दाखवलं. तेव्हापासून तो तरुण बाबांचा चेलाच झाला.

इथवर मलाही मजा वाटत होती. पण लोकांना झालेल्या भूकंपात किती दिवस रस राहणार? हळूहळू सगळ्यांचा एकच प्रश्न उरला. "अंकलजी, अगला बड़ा वाला कब आएगा?"

बाबा खरं तेच सांगत. "वो आएगा तो आएगा, नहीं तो नहीं आएगा."

हे वाक्य त्यांनी हिंदी कमी येतं म्हणून एवढंच केलं होतं. लोकांना ते फार खोल वाटलं. एक आजोबा ते दोनदा स्वतःशी म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

मी एकदा सेक्रेटरींना समजावायला गेले. म्हटलं, पृथ्वीवर कुणीही भूकंपाची तारीख सांगू शकत नाही. शास्त्रज्ञ फार तर एवढं म्हणतात, की अमुक भागात येत्या अमुक वर्षांत मोठा धक्का बसण्याची शक्यता इतकी इतकी आहे. आणि आपलं जयपूर काही त्यातल्या त्यात धोक्याचं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैडम, संभावना तो आप लोन वालों को बताइए. हमें तारीख चाहिए, टेंट वाले को बोलना पड़ता है."

टेंट कशाला, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

आषाढात एके संध्याकाळी मी बँकेतून आले तर जिन्यातच भाभी भेटल्या. चेहरा असा, की घरात लग्न ठरलंय. "बता दी अंकलजी ने! अगले महीने, छब्बीस तारीख, बुधवार. और दिन में आएगा, रात को नहीं."

मी तीन मजले लिफ्टची वाट न पाहता चढले. बाबा बाल्कनीत बसले होते. मला पाहून त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं, तेही उलटं.

"बाबा, तुम्ही तारीख सांगितलीत?"

"सांगितली."

"कुठनं काढली?"

"आली मनात."

"तुम्ही मास्तर होतात ना हो? खोटं बोललं म्हणून पोरांना छड्या मारल्यात तुम्ही!"

"छडी कधी मारली न्हाई," बाबा म्हणाले. "ओणवं करायचो."

माझ्या संतापाचा पारा चढला. मी पुष्कळ बोलले. लोक घाबरतील, अफवा पसरेल, पोलिसांत कुणी तक्रार केली तर या वयात चौकीवर बसावं लागेल, बँकेत माझं हसं होईल. शेवटचं वाक्य मी उगाचच मोठ्यानं म्हटलं. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"रोज इचारतात," ते म्हणाले. "रोज माहीत न्हाई, माहीत न्हाई म्हटलं, तर किती दिवस इचारतील? परवा बाकावर दोघंच आले होते."

पण मागे हटायचा माझा स्वभाव नाही. म्हटलं, ठीक आहे, पण हे तुम्हीच निस्तरायचं. लोकांना खरं काय ते तुम्ही सांगा, नाही तर मी सांगेन.

"सांगतो. त्याच दिवशी सांगतो. तवर राहू दे." मग, माझ्याकडे न पाहता, "सांगितलं की संपलं बघ. मग हायेत आपल्या गाड्या."

मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि मी त्यातला राग ठेवला, कारण तो हाताशी होता.

खरी गंमत पुढं झाली. लोक घाबरतील ही माझी भीती अगदीच फुकट गेली. भूकंपाच्या दिवशी घरात थांबायचं नाही, एवढंच सोसायटीनं त्यातून घेतलं, आणि मग कुठं जायचं यावर सभा भरली. जयपूरच्या लोकांना पावसाळ्यात 'गोठ' करायची जुनी हौस. गोठ म्हणजे गावाबाहेर, पाण्याकाठी, गोवऱ्यांवर कणकेच्या बाट्या भाजायच्या, दाल आणि गोड चूरमा करायचा आणि संध्याकाळपर्यंत लोळायचं. कित्येक वर्षांत या सोसायटीची गोठ झाली नव्हती, कारण एका दिवसावर कधी एकमत झालं नव्हतं. आता दिवस जमिनीनंच ठरवून दिला होता, त्यामुळं कुणाला नाही म्हणता येईना.

"कानोता चलते हैं," सेक्रेटरी म्हणाले. "बाँध के नीचे बढ़िया खुला मैदान है."

मी हात वर केला. म्हटलं, भूकंपाच्या दिवशी धरणाखाली जाऊन बसायचं?

"मैडम, छोटा बाँध है."

"और सावन में पानी भी तो देखना है," भाभी म्हणाल्या.

मी बाबांकडे पाहिलं. कोयनेच्या माणसाला धरण आणि भूकंप यांच्याबद्दल कुणी शिकवायला नको. ते बराच वेळ टाचेनं जमीन उकरत बसले होते. शेवटी उठले आणि म्हणाले, "नीचे नहीं. पानी के बाजू में ऊपर बैठेगा. नीचे बैठा तो हम नहीं आएगा." त्या दोन महिन्यांतलं त्यांचं हे एकच शास्त्रशुद्ध विधान. सभेनं ते नाइलाजानं मान्य केलं, कारण वर सावली कमी होती.

सव्वीस तारखेला सकाळी आठला दोन बसगाड्या निघाल्या. घराघरातले सिलिंडर बंद केले गेले. भाभींनी शोभेचे मासे घरात एकटे ठेवायचं नाकारलं, त्यामुळे काचेचं भांडं मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या एका साहेबांनी रजेच्या अर्जात कारण म्हणून 'संभाव्य भूकंप' असं लिहिलं होतं. त्यांच्या वरिष्ठांनी अर्ध्या दिवसाची मंजूर केली, कारण भूकंप दिवसभर चालत नाही. मी माझ्या अर्जात 'वडिलांचं घरगुती काम' लिहिलं. माझं काम त्यांच्यावर नजर ठेवायचं होतं. आज त्यांनी खरं सांगितलं नसतं तर मी उभी राहून सांगणार होते. वाक्यं मी हिंदीत पाठ करून ठेवली होती.

स्वयंपाकाचे महाराज जवळच्या बस्सी गावाहून परस्पर आले होते. आम्ही पोचलो तोवर गोवऱ्यांचा धूर धरणाच्या पाण्यावर पसरला होता. बाबांना वडाखाली खुर्ची दिली होती, बाकी सगळे सतरंज्यांवर. नागपूरच्या तरुणाला निरीक्षक नेमलं होतं. एका सपाट दगडावर ताटली, ताटलीत तीन पेले आणि समोर मांडी घालून तो. कुणी जवळून चाललं की तो बोट ओठांवर ठेवी.

काही झालं नाही. अकरा वाजले, बारा वाजले. पत्ते निघाले. बाट्या तुपात बुडाल्या. बाबांनी चार बाट्या खाल्ल्या. एरवी घरी ते दीड पोळीवर हात धुतात. मग वाढायला उठले. महाराजांच्या हातातला चूरम्याचा डबा त्यांनी काढूनच घेतला आणि पंगतीतून वाकून वाकून, एकेकाला आग्रह करत फिरले. "लो ना, थोडा लो, हमारे हाथ से लो," असं चाललं होतं. भूकंपाचा भविष्यवेत्ता आपल्या पानात वाढतोय म्हणून लोक भारावले होते. मला मात्र आतून तुटत होतं. मी मनात म्हटलं, खाऊ घाला बाबा, उद्यापासून हे कुणी ओळख दाखवणार नाहीत.

तीनच्या सुमाराला पेले वाजले. नागपूरचा तरुण "आला! आला!" असं ओरडला, तेही मराठीत, पण सगळ्यांना समजलं. शंभरेक माणसं खाड्‌कन उभी राहिली. भाभींनी मासे उचलले. पाहतो तो दगडाच्या पलीकडच्या अंगाला एक म्हैस शांतपणे पाठ घासत होती. तिला हाकललं, पेले पुन्हा रचले, लोक पुन्हा बसले. महाराजांनी चहा टाकला.

चार वाजता बाबा उठले. माझ्याकडे एकदा पाहिलं, सदरा खाली ओढला आणि बसच्या पायरीवर चढले. मी माझी पाठ केलेली वाक्यं गिळली. वाटलं, धावत जावं आणि त्यांना खाली उतरवावं, सांगावं की राहू दे, नका सांगू. पण मीच तर त्यांना त्या पायरीवर चढवलं होतं.

"हम झूठ बोला," बाबा म्हणाले. "भूकंप का तारीख किसी को मालूम नहीं रहता. बड़ा बड़ा शास्त्रज्ञ को मालूम नहीं. हमको भी मालूम नहीं था. हम ऐसाच बोल दिया. सबका छुट्टी गया. माफ करो." आणि त्यांनी हात जोडले.

एवढी माणसं असून फक्त चहा उकळण्याचा आवाज येत होता. मी डोळे मिटले.

मग सेक्रेटरी उभे राहिले. "देख लो," ते म्हणाले, "इसको कहते हैं बड़ा आदमी. बला टल गई, और श्रेय भी नहीं ले रहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा पायरीवरून ओरडत होते, "टला नहीं! आने वालाच नहीं था!" पण ऐकतो कोण? दोघा-तिघांनी त्यांना धरून खाली उतरवलं. कुणी पाया पडलं. बाकावरचे ते डोळे पुसणारे आजोबा पुन्हा डोळे पुसू लागले. भाभींनी बाबांच्या तोंडात चूरम्याचा लाडू कोंबला, त्यामुळं पुढचा खुलासा होऊच शकला नाही. त्या गर्दीतून बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला हसू आवरेना. लाडू गिळून ते म्हणाले, "अगं, हे ऐकतच न्हाईत!"

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. पुढच्या सीटवर अंताक्षरी रंगली होती. बाबा खिडकीबाहेर आग्रा रोडवरचे ढाबे पाहत होते. माझा राग कधीच विरला होता. सहज, चेष्टेनंच मी विचारलं, "पण बाबा, खरं सांगा, सव्वीसच का? पंचवीस का नाही?"

बाबा म्हणाले, "गेल्या साली सव्वीसलाच गेली न्हवं ती."

मला क्षणभर काही कळलंच नाही, हे लिहितानाही लाज वाटते. आईचं वर्षश्राद्ध आम्ही तिथीनं केलं होतं, दहा-अकरा दिवसांपूर्वी, घरीच. गुरुजी मी बोलावले, यादी मी केली, पान मी वाढलं, आणि साडेअकराला मी बँकेत होते. झालं, पार पडलं, असं माझ्या मनानं धरलं. पण तिथी पंचांगात असते. बाबांच्या डोक्यात दवाखान्यातल्या भिंतीवरचं ते कॅलेंडर होतं, आणि त्यावरचा आकडा सव्वीस होता. तो माझ्याही डोक्यात असायला हवा होता.

"बुधवार येत होता," बाबा म्हणाले. "तू कामावर जाणार. म्हटलं, दिवसभर त्या बाल्कनीत काय बसवायचं न्हाई आपल्याच्यानं. चार माणसं असावीत जवळ. गावाकडं असतो तर चार माणसं आपसूक आली असती, पानं वाढली असती. हितं कुणाला बोलवायचं, आणि काय सांगून? ह्यास्नी ती माहीतच न्हाई. भूकंप तेवढा माहीत हाय."

तुम्ही मला का नाही सांगितलंत, असं विचारायचं जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं असतं, बाबा, श्राद्ध झालं ना आपलं. मी त्यांचा हात धरला. बोटांना तुपाचा वास येत होता. मी रडले, आणि बसमध्ये कुणी पाहिलं तर पाहो म्हणून रडले. बाबा म्हणाले, "शंभर पान झालं बघ. तिला आवडलं असतं. दालीला मीठ जरा कमी होतं."

त्यानंतर मी काही एकदम आदर्श मुलगी झाले नाही. साडेसातच्या जागी सातला येऊ लागले, तेही जमेल तेव्हा. दोन आठवडे गेले आणि बँकेचं पत्र आलं. पुढच्या महिन्यात बारा ते चौदा, तीन दिवस, मुंबईला प्रशिक्षण. टाळता येण्यासारखं नव्हतं. पत्र पर्समध्ये ठेवून मी घरी आले, तर लिफ्टजवळ सेक्रेटरी उभे. बाबांच्या पुढं विचारायचा त्यांना आता धीर होत नव्हता, कारण बाबा आता तारखेचं नाव काढलं की चिडत आणि शास्त्र सांगत. म्हणून त्यांनी मलाच गाठलं. इकडं तिकडं पाहून हळू आवाजात म्हणाले, "मैडम, आपको तो बताते होंगे. अगला कब का है?"

खरं काय ते मला माहीत होतं. तेच मी त्यांना एकदा सविस्तर समजावलंही होतं. आणि या गृहस्थांचा भूकंपावर किती विश्वास होता आणि बाट्यांवर किती, हे मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं, आजही येत नाही.

"बारह से चौदह के बीच," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून डायरी काढली. "तीनों दिन?"

"तीनों दिन. सुबह से शाम तक," मी म्हणाले. "और अंकलजी को अपने साथ ही रखिएगा. उनके बिना पता नहीं चलेगा."